चौकटीत एकच चेहरा

गायत्रीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी तिसऱ्यांदा सुरतेच्या कचेरीत गेले आणि तिसऱ्यांदाही लालच आलं. पूर्वी सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे तेव्हाही होतंच. पण तेव्हा खिडकीमागे एक माणूस असायचा आणि त्याच्याशी भांडता यायचं. आता कागद काचेवर ठेवायचे, खालून उजेड फिरतो, कॉम्प्युटर आपला आपण विचार करतो आणि हिरवं नाहीतर लाल दाखवतो. हिरवं आलं की दाखला छापून बाहेर. लाल आलं की घरी जा. भांडायचं कुणाशी? काचेशी?

"मासी, तमारुं पाछुं लाल आव्युं," खिडकीवरची मुलगी म्हणाली. माझा चेहरा बघून मग मराठीत आली. "मावशी, परत लाल आलं." तिचं नाव विशाखा. राहायला डिंडोलीला, घरातले सगळे आजोबांपासून रेल्वेत, ही मात्र इथे कंत्राटावर. तिच्यावर चिडण्यात काही अर्थ नव्हता, तरी मी चिडले.

"माझे कागद खोटे आहेत का?"

"कागद खरे आहेत."

"मग मी खोटी आहे?"

"तुमचा चेहरासुद्धा मॅच झालाय, मावशी. पत्ता लाल येतोय."

गायत्री माझी एकुलती एक मुलगी. बारावीला चांगले मार्क पडले, नर्सिंगला नंबर लागला, तोही फी माफ असलेल्या जागेवर. त्या जागेसाठी उत्पन्नाचा दाखला शनिवारपर्यंत कॉलेजात पोचायला हवा होता, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाणार. फी भरून शिकवायची आमची ऐपत नाही, एवढंच तर त्या दाखल्यात लिहायचं होतं. आमच्याकडे बघून ते कुणीही सांगितलं असतं. आणि तो दिवस बुधवारचा.

मी विशाखाला सोडलं आणि तडक आतल्या साहेबाकडे गेले. साहेबाने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि हिंदीत सांगायला लागला. म्हणाला, "बेन, तुमच्या पत्त्यावर चौदा मोठी माणसं आहेत. आडनावं वेगवेगळी. सगळ्यांच्या कार्डावर 'केअर ऑफ छगन बडगुजर'. लिंबायतमधली एक खोली आणि त्यात चौदा माणसं? अल्गोरिदमने हा पत्ता बोगस म्हणून पकडलाय."

"हे अल्गोरिदम साहेब बसतात कुठे?" मी विचारलं. मागची माणसं हसली. मला खरंच वाटलं होतं की वरच्या मजल्यावर बसत असतील, जाऊन भेटावं.

"ते कुठे बसत नाहीत. तो हिशोब असतो. निर्णय तोच घेतो, आमच्या हातात काही नाही."

मी सांगून पाहिलं. म्हटलं, साहेब, ही माणसं एका वेळी कधीच घरात नव्हती. निम्मी रात्री कामावर असायची, निम्मी दिवसा. त्यातली बरीचशी तर केव्हाच निघून गेली. साहेबाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "कॉम्प्युटरला पत्ता दिसतो, बेन. त्या पत्त्यावर कोण कधी झोपतं ते दिसत नाही."

हे सगळं कुणाच्या कृपेने, तर आमच्या ह्यांच्या. छगन बडगुजर, माझे यजमान. पारोळ्याकडच्या आमच्या गावातून जो कुणी सुरतेला लूमवर यायचा तो आधी आमच्या दारात उभा. सुरतेत कापडाच्या लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात बारा बारा तास काम. दिवसवाले निघाले की रातवाले यायचे आणि त्यांच्याच अंथरुणात पडायचे, गोधडी गार व्हायला वेळच नसायचा. तेही मी चालवून घेतलं. पण गाववाल्याला गॅस हवा, रेशन हवं, बँकेचं पुस्तक हवं, तर पत्ता लागतो. ह्यांनी पत्ताही देऊन टाकला! खोली भाड्याची, लाइट बिल तेवढं ह्यांच्या नावावर. ते बिल घेऊन हे प्रत्येकाबरोबर जायचे. "हा तुमचा कोण?" विचारलं की "भाऊ" म्हणून मोकळे. गावचा म्हणजे भाऊच, त्यात विचारायचं काय! त्या भावांपैकी कुणी गोडादऱ्याला घर घेतलं, कुणी गावी परतला, दोघे तर देवाघरी गेले. जाताना पत्ता मात्र एकानेही बदलला नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, ती माझी गत.

मी परत निघाले तेव्हा विशाखाने हात करून बोलावलं. हळूच म्हणाली, "मावशी, एक रस्ता आहे. कुटुंबप्रमुखाने कॅमेऱ्यासमोर सांगायचं, की माझ्या घरात माझ्या कुटुंबाशिवाय कुणी राहत नाही. मग बाकीची नावं त्या पत्त्यावरून सुटतात आणि तुमचं हिरवं होतं."

"आणि सुटलेल्यांचं काय होतं?"

"त्यांचं रेशन थांबतं. नवीन पत्त्याचा पुरावा दिला की चालू होतं."

"आणि घरात खरंच कुणी राहत असेल तर?"

विशाखाने कीबोर्डवरचे हात काढले. "राहतं का कुणी?"

दगा राहतो.

दगा चौधरी. ह्यांच्याबरोबर एकाच वर्षी सुरतेला आलेला. लग्न झालं नाही, गावच्या घरात भावांनी वाटा ठेवला नाही. बाकीचे आले आणि गेले, हा आमच्या माळ्यावर राहिला. संध्याकाळी डबा घेऊन खात्यात जातो, सकाळी अंगावर सूत घेऊन परत येतो, चहात भाकर बुडवून खातो आणि शिडी चढून झोपतो. वर तापलेला पत्रा, तिथे हा माणूस झोपतो कसा देव जाणे. पण तो झोपला की मिक्सर लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, भांडं आपटायचं नाही. माझ्या किती दुपारी ह्या माणसाने खाल्ल्या! वर वरणात मीठ कमी असलं तर सांगायला विसरायचा नाही. हां, गायत्रीला बालवाडीत सोडायला मात्र तोच जायचा, रात्रभर लूम चालवून, पेंगत पेंगत. एकदा तिला दुसऱ्याच शाळेत बसवून आला. त्या दिवशी मी त्याला जे काही बोलले ते आमच्या गल्लीला अजून पाठ आहे.

घरी येऊन मी ह्यांच्यापुढे सगळं मांडलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि आमच्या गावच्या बोलीत म्हणाले, "दगाले नही म्हनानं काम माले सांगू नको."

ह्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता. रेशनकार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख असते, म्हणजे मी. पत्ते वाटणार हे आणि नाही म्हणणार मी. उंटावरून शेळ्या हाकायला ह्यांचं काय जातं? गावात ह्यांचं नाव निघतं, "छगनभाऊनी माले सुरत दाखाडी" म्हणून. मला कुणी विचारलं होतं का तेव्हा?

"मंग पोरनं काय करू?" मी ओरडले.

"दगाले संगे लई जा. जित्ता मानूस समोर दिसना ते काहीतरी रस्ता निंघी."

गुरुवारी सिस्टम बंद होती. शुक्रवारी सकाळी दगा खात्यातून सुटला तसाच मी त्याला रिक्षात घातला. "सही करनी शे," एवढंच सांगितलं. गायत्रीला मुद्दामच आणलं नाही. त्याच्यासमोर आणि तिच्यासमोर एकदम बोलायचं माझ्यात बळ नव्हतं.

विशाखाने दगाला बघितलं, समजली, आणि खरंच प्रयत्न केला. "ह्यांचं तुमच्याशी नातं निवडावं लागतं," ती म्हणाली आणि वाचत गेली. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, भाडेकरू.

"भाऊ कर. आमच्या ह्यांचा भाऊ."

"वडिलांचं नाव एक लागतं, मावशी."

"मग भाडेकरू कर."

"भाडेकरार लागतो, मालकाच्या सहीचा."

आमचा मालक आम्हालाच करार देत नाही, तो दगाला कुठून देणार? "आणखी काय आहे?" मी विचारलं. "गाववाला? असाच राहतो, बरीच वर्षं राहतो, असं काही?"

तिने यादी पार खालपर्यंत सरकवून दाखवली. 'इतर'सुद्धा नव्हतं.

दगा मागे खांबाला टेकून उभा होता. डोळे अर्धे मिटलेले, भुवयांवर सूत. रस्ता निघेल म्हणून मी त्याला काही सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगितलं, रेशन थांबेल तेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "पोरनं काम व्हस ना? मंग करा."

मला त्याचा रागच आला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या, रांगेसमोर तमाशा केला असता, माझ्या नवऱ्याचं नाव काढलं असतं, तर मला किती सोपं गेलं असतं.

विशाखाने टॅब्लेट माझ्यासमोर धरला. त्यात एक चौकट आणि चौकटीत माझा चेहरा. खांद्यामागे दगाचा. चौकट लाल झाली आणि आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया फ्रेम में एक ही चेहरा रखें."

"काय सांगस ती?" दगाने विचारलं.

विशाखाने टॅब्लेट जरा तिरका केला. चौकट लालच.

"माले बाजूले व्हवाले सांगस का?" असं म्हणून तो स्वतःच सरकला. चौकट हिरवी झाली.

मग वाक्य आलं. विशाखाने ते आधी म्हणून दाखवलं. "मेरे घर में मेरे परिवार के अलावा कोई नहीं रहता." कॅमेऱ्याकडे बघून, एका दमात म्हणायचं.

एवढंसं वाक्य. मी आयुष्यात ह्याहून कितीतरी वाईट बोललेय, ह्याच माणसाला बोललेय. पण "मेरे घर में" म्हटलं आणि पुढे जीभच उचलेना.

"आवाज़ स्पष्ट नहीं है. कृपया दोबारा बोलें."

दुसऱ्यांदा मी "परिवार के" पर्यंत पोचले आणि पुन्हा अडकले. त्या बाईने पुन्हा तेच गोड आवाजात सांगितलं. विशाखा कुजबुजली, "मावशी, आता एकदाच. ह्यावेळी नाही झालं तर सोमवारपर्यंत लॉक होतं." उद्या चौथा शनिवार, कचेरी बंद. मागून कुणीतरी ओरडलं, "ए बेन, जल्दी करो ने, अमारे पण काम छे!" त्या ओरडणाऱ्याला मी एरवी सोडला नसता.

तेवढ्यात दगा फिरून विशाखाच्या मागे जाऊन उभा राहिला. कॅमेऱ्याच्या वर, माझ्या नजरेच्या बरोबर समोर. लहान मुलाकडून कविता म्हणून घ्यावी तसा हात वर करून मला सांगायला लागला, "बोली टाका ना वहिनी. कोई नहीं रहता. काय लागस बोलाले?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत सगळं वाक्य म्हटलं. मेरे घर में मेरे परिवार के अलावा कोई नहीं रहता. एक अक्षर अडखळलं नाही. चौकट हिरवी झाली, बाई "धन्यवाद" म्हणाली आणि मागे छपाईचं मशीन चालू झालं. दाखला गरम होता हातात. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला नुसती लाज वाटत होती. विशाखाने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो दगाने घेतला आणि पिऊन टाकला.

रिक्षा तशीच कॉलेजवर नेली, कागद दिला, पोच घेतली. घरी आलो तेव्हा गायत्रीने पोच बघितली आणि दगाच्या गळ्यात पडली. दगा शिडी चढून वर गेला. तो झोपणार म्हणून मी कुकर लावायचा थांबले. जरा वेळाने तो पेटी घेऊन खाली उतरला.

"कोठे चालनात, दगाभाऊ?"

"खात्यामा."

"आते? काम ते सांजले शे."

"कामले नही. ऱ्हावाले चालनू." आणि मला लहान मुलीला समजवावं तसं समजवायला लागला. "तुम्ही कॅमेरामा सांगं ना, कोनी ऱ्हास नही. सरकारमा लिखाई गयं ते. आते मी आठेच जपनू ते तुम्हनं बोलनं खोटं व्हई. पोरना कागद रद्द करतीन."

हा इथे झोपला तर म्हणे मी खोटी ठरणार! मला आधी हसू आलं. मग मी असा आवाज चढवला की शेजारची खिडकी उघडली. अहो, ते यंत्र आहे! त्याच्यासमोर तोंडदेखलं बोलायचं असतं! कोण येतंय इथे बघायला? गायत्रीने पेटीची कडी धरली आणि रडत म्हणाली, "काका, मला नको तो दाखला." तेव्हा मात्र तो चिडला. "गुपचूप शिकाले जाय," म्हणाला आणि तिची बोटं एकेक करून सोडवली. "येतीन ते बघाले," मला म्हणाला. "सरकार शे." आणि गेला.

संध्याकाळी हे कामावरून आले, तसेच परत खात्यात त्याला आणायला गेले. एकटेच परतले. "येडा शे तो," म्हणाले, आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेले. मिक्सरच्या आवाजाने जागा होणारा माणूस चालू लूमच्या मागे सुताच्या पोत्यांवर झोपला होता. जमीन थरथरत होती, कानठळ्या बसत होत्या. मी त्याला हलवून उठवलं, रागावले, गायत्रीची शपथ घातली. काही उपयोग झाला नाही. दगाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रेशन बंद झालंच होतं, ते मी खात्यात डबा पोचवून भरून काढायला लागले. ह्यांच्याशी मी धड बोलत नव्हते, हे माझ्याशी बोलत नव्हते, आणि गायत्री आमच्या दोघांशी. जिच्यासाठी सगळं केलं तीच कॉलेजात जाताना माझ्याकडे न बघता जायची. मला ह्या सगळ्यांचा राग येत होता. दगाचा सगळ्यांत जास्त.

आणि पुढच्या पंधरवड्यात खरंच माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट. म्हणाला, "पडताळणी करायची आहे, मासी. पाच मिनिटं." तोडकंमोडकं मराठी बोलत होता, आणि बोलायला चांगला होता. मी त्याला बसायला पाट दिला, पाणी दिलं.

"ह्या पत्त्यावर दगा चौधरी राहतात?"

"राहतो," मी म्हणाले.

त्याने मान वर केली. "व्हिडिओमध्ये तर तुम्ही..."

"तेव्हा मी खोटं बोलले. तो आमच्याकडेच राहतो. माझी मुलगी जन्मायच्या आधीपासून राहतो. लिही."

त्याने टॅब्लेट मांडीवर उलटा ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मासी, असं लिहिलं तर मुलीचा दाखला रद्द होईल."

"होऊ दे. तू लिही."

"बरं. कुठे आहेत ते?"

"खात्यात."

"कामावर? मग मी थांबतो. नाहीतर संध्याकाळी येतो परत. त्यांना फक्त एकदा घरात बघायला लागेल." तो भला माणूस होता, त्याने खरंच परत यायची तयारी दाखवली. "किती वाजता येतात घरी?"

मला वेळ सांगता आली नाही. संध्याकाळी नाही, सकाळी नाही, कधीच नाही. मी शिडीकडे बोट केलं.

तो शिडी चढून वर डोकावला. माळा झाडून ठेवल्यासारखा रिकामा होता. त्याने माळ्याचा फोटो काढला, खाली उतरला, बोटाने काहीतरी लिहिलं आणि टॅब्लेट माझ्यापुढे धरला. म्हणाला, "इथे बोट टेकवा, मासी."

"आधी वाचून दाखव."

त्याने वाचलं. सदर पत्त्यावर कुटुंबाव्यतिरिक्त कोणीही राहत नाही. सिस्टमची माहिती बरोबर आढळली.

मी त्याला ते पुन्हा वाचायला लावलं. त्यात खोटं काय आहे ते मी शोधत होते. सापडलं नाही, तेव्हा बोट टेकवलं.